बेरीज नऊच पाहिजे

माझ्या जुळ्या मुली जन्मल्या तेव्हा त्यांच्या आत्याने त्यांची तोंडं बघायच्या आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. मग तारीख, मोठीची वेळ, धाकटीची वेळ, खोलीचा नंबर अशी सगळी बेरीज तिथेच उभ्या उभ्या बोटांवर करून ती म्हणाली, "सात येतंय. असूदे. जन्म काय आपल्या हातात नसतोय. जन्मसंख्येचं मी बघते. बेरीज नऊच पाहिजे."

मी नुकतीच शुद्धीवर येत होते, तरी हे जमणार नाही एवढं मला कळलं. कारण मी शाळेत आठवीला गणित शिकवते.

आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची, सन्मतीची, थोरली बहीण त्रिशला. सगळं जयसिंगपूर तिला अक्का म्हणतं. आमच्या गावात गल्ल्यांना नंबर आहेत. आम्ही सातव्या गल्लीत राहतो आणि अक्का नवव्यात. नवव्या गल्लीत जागा रिकामी होईपर्यंत ती कितीतरी वर्षं दुसरीकडे भाड्याने राहिली, पण आठव्या गल्लीत फुकट मिळणारं घर तिने घेतलं नाही. "आठ शनीचा," म्हणाली. नऊचं मात्र तिच्याकडे सगळं तयार असतं. ग्रह नऊ. पोटात महिने नऊ. "आणि आपल्या कोल्हापूरच्या गाडीची पाटीच मुळी एमएच शून्य नऊ. सरकारला काय खूळ लागलं होतं व्हय?"

गाड्या आपोआप चालायला लागल्या तेव्हा अक्काचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल बसलं. पाट्या रंगवायचा आणि नंबर मिळवून द्यायचा धंदा मात्र चालूच राहिला. गाडी कोण चालवतं याची लोकांना फारशी फिकीर नव्हती, पण पाटीवरची बेरीज नऊ आलीच पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. स्कूलची एक जुनी गाडी तिने जपून ठेवली होती. खरा गिअर, खरा क्लच, आणि शेजारी शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक. सन्मती लहान असताना त्यांची आई गेली. तेव्हापासून त्याला जेवू घालणं, शाळेत पोचवणं, माझ्याशी लग्न लावून देणं, सगळं अक्कानेच केलं. स्वतःचं लग्न करायला तिला सवड झाली नाही. आत्या होणं एवढी एकच गोष्ट ती स्वतःसाठी राखून बसली होती.

आता जन्मसंख्या म्हणजे काय ते सांगते, आठवीच्या पोरांना सांगते तसंच.

भिंतीवरचं बारा तासांचं घड्याळ घ्या. तीन चोक किती? बारा. म्हणजे काटा परत सुरुवातीला, शून्यावर. तीन होता, चार होता, दोघं चांगले धडधाकट, आणि गुणाकार केला तर हातात काहीच नाही! बाराच्या घड्याळात असे खड्डे आहेत, कारण बारा फुटतो. आता तेरा तासांचं घड्याळ करा. तेरा ही मूळसंख्या, एक आणि स्वतः सोडून कशानेही न फुटणारी. या घड्याळावर शून्य सोडून कुठलेही दोन तास गुणा, काटा खड्ड्यात पडणार नाही. शिवाय प्रत्येक तासाचा एक जोडीदार असतो. त्याने गुणलं की काटा बरोब्बर एकवर परत येतो. मूळसंख्येच्या घड्याळात काही हरवत नाही. गेलेलं परत आणता येतं.

हेच घड्याळ आता इतक्या तासांचं करा, की तो आकडा लिहायलाच तीनशे अंक लागतील. एका तासावरून निघा आणि त्यानेच गुणत गुणत चालत राहा. किती वेळा गुणायचं ते फक्त तुमच्या मनात. तुम्ही कुठे पोचलात ते साऱ्या जगाला दिसतं, पण किती वेळा गुणून पोचलात ते भल्याभल्या यंत्रांना काढता येत नाही. ते 'किती वेळा' म्हणजे तुमची किल्ली. घड्याळ उघड, किल्ली गुप्त. आपलं घर, आपले दवाखान्याचे कागद, आपली सही, सगळं त्या किल्लीने बंद.

पूर्वी करोडो माणसं मिळून एकच घड्याळ वापरायची. एवढ्या मोठ्या मूळसंख्या शोधत कोण बसणार? मग एका यंत्राने वर्षभर बसून त्या एकाच घड्याळाचा अख्खा नकाशा काढला आणि एका सकाळी करोडो कुलपं एकदम उघडली. तेव्हापासून प्रत्येकाला आपलं आपलं घड्याळ. आम्हा मोठ्यांना यंत्राने घाईघाईत संख्या वाटल्या. माझी मला मेसेजने आली, चादरींच्या सेलच्या दोन जाहिरातींच्या मधे.

बाळांचं तसं नाही. त्यांच्या आईवडिलांना बारशापर्यंत मुदत असते. हवे ते अंक निवडा, पण संख्या मूळ पाहिजे. मुदत टळली तर यंत्र देईल ती आयुष्यभर. आता बाळाला काही द्यायचं म्हटलं की आपल्याकडे आत्या आलीच. नावासारखी संख्याही आत्याच कानात सांगणार, हे कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, पण कुणी ते मोडलेलंही नाही.

आणि आमच्या आत्याला बेरीज नऊ हवी होती. म्हणजे अंकांची बेरीज, त्या बेरजेच्या अंकांची पुन्हा बेरीज, असं करत शेवटी उरेल तो एक अंक नऊच.

"होईल की नऊ," सन्मती मुलींची दुपटी वाळत घालत म्हणाला. "एवढ्या संख्या आहेत जगात."

"नाही होणार," मी म्हणाले. "दहा म्हणजे नऊ आणि वर एक. शंभर म्हणजे नव्याण्णव आणि वर एक. हजाराचं तेच. कुठल्याही संख्येतून नवाचे गठ्ठे बाजूला काढत गेलं की शेवटी उरते ती तिच्या अंकांची बेरीज. ती बेरीज नऊ असली, तर उरलंच काय? अख्खी संख्या नवाने फुटली."

"म्हणजे कधीच नाही?"

"कधीच नाही."

तो दुपटं हातात धरून उभा राहिला. तो सूतगिरणीत मोठमोठ्या यंत्रांची देखभाल करतो, चालत्या पट्ट्यात हात घालतो. तो म्हणाला, "हे अक्काला कोण सांगणार?"

"तुझी बहीण आहे."

"तुझा विषय आहे."

त्याने दुपटं दोरीवर टाकलं. मग एकदमच आम्हाला शूर लोकांसारखी एक युक्ती सुचली. "पारखी सांगेल की!"

पारखी म्हणजे संख्या तपासायचं यंत्र. जेवणाच्या डब्याएवढं असतं. मांडववाल्याकडे पाळणा आणि खुर्च्यांबरोबर भाड्याने मिळतं. एवढ्या मोठ्या संख्येला ते भागून बघत नाही. तसं बघायला गेलं तर सूर्य विझून जाईल. ते साक्षीदार बोलावतं. मनाला येतील त्या काही संख्या घेतं, आपल्या संख्येच्या घड्याळावर त्यांना पळवतं, आणि त्या नीट पळतात का ते बघतं. एक जरी अडखळली, तरी संख्या संयुक्त, म्हणजे फुटणारी. गंमत अशी की ती फुटते हे कळतं, कशाने फुटते ते कळत नाही. गल्लीत कसं, अमक्या घरात भांडण आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, कशावरून ते कुणालाच नाही. तसंच.

माझ्या मुली आठव्या महिन्यातच आल्या होत्या. बाराव्या दिवशी त्या दवाखान्याच्या काचपेटीत होत्या, म्हणून बारसं सव्वा महिन्यानंतर ठरलं. तोवर रोज दुपारी अक्का त्या जुन्या गाडीतून दोघींना फिरवायची. घरात त्या एकावेळी कधी झोपल्या नाहीत. एक झोपली की दुसरी तिला उठवायचं काम हाती घ्यायची. पण अक्काच्या गाडीत पहिला गिअर, दुसरा गिअर, चौकातला खड्डा असं सुरू झालं, की चौथ्या गल्लीपर्यंत दोघी ठार. मागच्या सीटवर त्यांच्या मधे मीही ठार. माझी दिवसातली तेवढीच झोप.

बारशाच्या आठवड्यात मांडववाल्याने पारखी आणून दिला. अक्का नवं लुगडं नेसून आली. शेजारच्या मगदूम काकू आल्या, त्यांच्यामागे निम्मी गल्ली आली. अक्काला सगळे अंक तोंडपाठ होते. वडिलांच्या पहिल्या मोपेडचा नंबर, आईच्या रेशनकार्डाचा, सन्मतीचा दहावीचा बैठक क्रमांक, ड्रायव्हिंग स्कूलचा परवाना, गावाचा पिन. एका घराण्याचा इतिहासच ती सांगत होती. शेवटचे अंक तिने बेरीज बघून बसवले आणि पदर सावरून पारखीकडे बघितलं.

"संख्या संयुक्त आहे," पारखी म्हणाला. त्याचा आवाज लग्नातल्या सूत्रसंचालकासारखा असतो. "कृपया दुसरी सांगावी."

"मग चांगलंच की," मगदूम काकू म्हणाल्या. "आमचं कुटुंब बी संयुक्तच हाय."

अक्काने पिन पुढे घेतला आणि परवाना मागे टाकला. बेरीज तीच राहिली.

"संख्या संयुक्त आहे. कृपया दुसरी सांगावी."

बायका मदतीला धावल्या. कुणी म्हणालं एकच अंक सगळीकडे घाला. कुणी म्हणालं उलटीसुलटी सारखी वाचता येईल अशी करा, पोरींना आरशातबी ओळखता येईल. तीनशे अंकांची उलटीसुलटी सारखी संख्या अकराने फुटतेच, हेही मला माहीत होतं. मी लंगोट बदलत होते. लंगोट बदलताना आईने मान वर केली नाही तर कुणी काही म्हणत नाही. सन्मती तर पाणी आणायला गेला तो विहीर खणायला गेल्यासारखा आलाच नाही.

"संख्या संयुक्त आहे."

अक्काने पारखीच्या डोक्यावर एक चापट मारली.

"कृपया पारखीवर मारू नये."

बायका हसल्या. अक्का हसली नाही. तिच्या कपाळावर घाम आला होता. तिने माझ्याकडे वळून बघितलं, अगदी विश्वासाने. "गौतमी, तू गणिताची. बघ की गं ह्याला काय झालंय."

आता लंगोटही बदलून झाला होता.

"अक्का, यंत्र बरोबर आहे," मी म्हणाले. "बेरीज नऊ आली की ती मूळसंख्या नसतेच."

"ही न्हाई तर दुसरी घेऊ."

"कुठलीच नसते. कितीही अंक घेतले तरी."

अक्काने पदराने कपाळावरचा घाम पुसला. मग तिने विचारलं, "हे तुला आत्ता कळलं?"

इथे मी 'हो' म्हणायला हवं होतं. पण वर्गात सवय लागते. प्रश्न आला की खरं उत्तर तोंडातून जातं. "पहिल्यापासून माहीत होतं."

तेवढ्यात सन्मती पाण्याचा तांब्या घेऊन दारात आला. अक्का त्याच्याकडे वळली. "तुलाबी?"

"अक्का, म्हटलं... यंत्र सांगेल..."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळू आवाजात बोलली. "शिकाऊ पोरगं चुकीचा गिअर टाकतंय. मी शेजारी असते. माझ्या पायाखाली ब्रेक असतोय. एवढ्या वर्षांत मी कुणाला खड्ड्यात जाऊ दिलं न्हाई, सन्मती. आणि तुम्ही दोघं माझ्या शेजारी बसून बघत होता." तिने पारखी उचलून माझ्यासमोर ठेवला. "आकडा ह्याच्याकडनंच घ्या. आत्या बी ह्यालाच करा."

आणि ती गेली. निम्मी गल्ली तिच्यामागे गेली, कारण खरा कार्यक्रम आता तिकडे होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलींना गाडी हवी झाली. सन्मतीने बिनड्रायव्हरची भाड्याची गाडी बोलावली. ती इतकी गुळगुळीत चालली, की मुलींना आपण निघालोय याचाच पत्ता लागला नाही. दोघींनी एका सुरात गळा काढला.

"जरा धक्के दे की," सन्मती गाडीला म्हणाला.

"प्रवाशांच्या सोयीसाठी ते शक्य नाही," गाडी म्हणाली.

"खड्ड्यातून घे."

"या मार्गावरील सर्व खड्डे टाळण्यात आले आहेत."

शेवटी तो स्वतःच मागे वळून तोंडाने गिअरचे आवाज काढायला लागला. घुर्रर्र, खट्क, घुर्रर्र. मुली क्षणभर गप्प झाल्या. आपला बाप आहे तरी काय, हे त्यांनी नीट बघून घेतलं. मग त्या पूर्वीपेक्षा मोठ्याने रडल्या.

तो रोज संध्याकाळी नवव्या गल्लीत जाऊन यायचा. अक्का त्याला चहा द्यायची आणि बोलायची नाही. ती बारशाला आली नाही तर यंत्र दोघींना दोन कुठल्याही संख्या वाटून टाकेल, तो प्रश्न होताच. पण मला भीती दुसरीच होती. आत्या होण्याच्या दिवशीच आम्ही तिला परकी केलं होतं. ते काही बारशाबरोबर संपणार नव्हतं.

बारशाच्या आदल्या दुपारी मी दोघींच्या मधे आडवी पडले होते. मोठीने माझं बोट धरलं होतं, धाकटीने गाऊनचं बटण. जी रडेल तिच्याकडे कूस वळवायची. कुकर शिट्ट्या मारत होता, म्हणजे माझा आणखी एक तुकडा तिकडे गेला होता. तेवढ्यात शाळेतून फोन आला, सुट्टी कधी संपते म्हणून. माझ्या मनात आलं, माणसाचे भाग पाडायचे तरी किती?

आणि मी ताडकन उठून बसले. दोघी रडायला लागल्या. मी त्यांना म्हणाले, "थांबा गं, तुमची आई मधली संख्या आहे!"

काही मूळसंख्या जोडीने राहतात. अकरा आणि तेरा, सतरा आणि एकोणीस. मधे फक्त एक संख्या. त्यांना जोडमूळ म्हणतात. आकडे मोठे होतील तशा या जोड्या विरळ होत जातात, पण भेटत राहतात. त्या कधी संपतात का, हे अजून कुणालाही सिद्ध करता आलेलं नाही. मधल्या संख्येचं मात्र नक्की असतं. ओळीने येणाऱ्या तीन संख्यांत एक तिनाने फुटतेच. कडेच्या दोघी फुटत नाहीत, म्हणजे फुटणारी मधलीच. कडेच्या दोघी विषम, म्हणजे मधली सम, दोनानेही फुटणारी. तेव्हा पाचाच्या पुढे जोडी कुठलीही असो, तिच्या मधली संख्या सहाने फुटतेच फुटते. आणि दर तीन जोड्यांमागे साधारण एका जोडीत ती नवानेही फुटते.

म्हणजे तिची बेरीज नऊ.

मी कुकर बंद केला, दोघींना दोन झोळ्यांत घातलं आणि भर उन्हात नवव्या गल्लीत गेले. अक्का दुकानात पाटी रंगवत होती. तिने मान वर केली नाही. मुलींच्या रडण्याने समोरचा इस्त्रीवाला बाहेर आला, तरी नाही. कुंचल्याने एका आकड्याचं पोट नीट गोल करून मग तिने विचारलं, "दूध पाजलंस?"

"पाजलं."

"मग काय पाहिजे त्यांना?"

"झोप. तिघींनाही."

अक्काने कुंचला पाण्यात बुडवला आणि खुंटीवरची किल्ली घेतली.

गाडी सुरू झाली. घुर्रर्र, खट्क. मी मागे, दोघींच्या मधे. सहाव्या गल्लीच्या कोपऱ्यावर मी म्हणाले, "अक्का, चुकलं माझं. शेजारी बसून बघायला नको होतं."

"गिअर बदलताना बोलू नको."

तिने गिअर बदलला. मग आणखी एकदा बदलला, काही गरज नसताना. "बोल आता."

मी तिला जोडमूळ सांगितलं. ती तोंडातल्या तोंडात पडताळून बघायला लागली. "सत्रा, एकोणीस. मधे अठरा. आठ नि एक नऊ. हं. एकाहत्तर, त्र्याहत्तर. मधे बहात्तर. नऊ. हं." तिची मान हलायला लागली. "आणि अकरा-तेराला बारा. तीन. ती जोडी नको."

"ती नको. आपण नऊवालीच घ्यायची."

"मग मोठीच्या आकड्याची बेरीज किती येईल?"

"आठ."

अक्काने करकचून ब्रेक दाबला. मागून येणाऱ्या बिनड्रायव्हरच्या तीन गाड्या अदबीने थांबल्या.

"आठ? शनी? माझ्या भाचीला?"

"धाकटीची एक येते, अक्का. जोडी कुठलीही मिळू दे, मधली नऊवाली असली की एकीची आठ आणि दुसरीची एक, हे ठरलेलं. दोघींची मिळून नऊ."

अक्का स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. तिने पुन्हा सतरा आणि एकोणीस घेतले. सात नि एक आठ. नऊ नि एक दहा, दहाचा एक. आठ नि एक. मागच्या गाड्या अजून थांबलेल्याच होत्या.

"म्हणजे ह्या दोघींना येगळं मोजायचंच न्हाई कधी," ती म्हणाली.

"नाही मोजायचं."

तिने ब्रेक सोडला. गाडी खड्ड्यातून गेली आणि मोठीचे डोळे मिटले.

"आणि मधल्या आकड्याचं काय करत्यात?"

"काही नाही. पारखी त्याला नाकारतो. तो फार फुटतो ना. दोनाने, तिनाने, सहाने, नवाने, अठराने..."

अक्काने आरशातून मागे बघितलं. धाकटीने झोपेतही माझं बटण सोडलं नव्हतं. "म्हणजे येईल त्यानं एक तुकडा घेऊन जायचा."

"हो."

"तुझ्यासारखंच की गं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "तुझा आकडा तुला कुणी सांगितला होता?"

"मेसेजने आला होता. चादरींच्या सेलबरोबर."

अक्काने गिअर बदलला. चौथ्या गल्लीच्या पुढचं मला आठवत नाही.

बारशाला अख्खी सातवी गल्ली लोटली, नवव्या गल्लीसकट. पाळणा सजला, घुगऱ्या शिजल्या. अक्काने पारखीला समोर घेतलं आणि नव्या पोराला समज द्यावी तशी समज दिली. "हे बघ, पुढं मोपेडचा नंबर ठेवायचा. त्याच्यामागं रेशनकार्ड. शेपूट तुझं तू बघ. पण जोडी पाहिजे, आणि मधला नवाचा पाहिजे."

पारखी एकेक शेपूट लावून तपासत घरघरला. चहा निवेपर्यंत घरघरला. सन्मती नखं खात होता. मग सूत्रसंचालकाच्या आवाजात घोषणा झाली, "जोडमूळ संख्या सापडल्या आहेत. अभिनंदन."

"धाकटीला दोन जास्त?" मगदूम काकूंनी लगेच शंका काढली. "थोरलीवर अन्याय झाला की."

"थोरलीनं आधी येऊन जग बघितलंय. धाकटीला दोन जास्त असूदेत," अक्का म्हणाली, आणि तो वाद कायमचा मिटला.

आता आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र करायचं, नाव सांगायचं, आणि बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. संख्या आल्यापासून नावानंतर संख्या. रिवाजाला तिचे पहिले पाच-सहा अंक पुरतात. पण अक्का शिकवताना कधी अर्ध्या रस्त्यात उतरलेली नाही. ती पाळण्यात वाकली. "कुर्रर्र... चंदना." आणि मग सुरू झाली. बायकांचे हात वर गेले. मोपेड झालं, रेशनकार्ड झालं, हात वरच. मगदूम काकूंनी हात बदलला. मागून कुणीतरी विचारलं, "संपलं का गं?" कुणीतरी म्हणालं, "आता कुठं घाट लागलाय." अक्का एका लयीत अंक सांगत होती, दर दहा अंकांनी श्वास घेत, गिअर बदलावा तशी. चंदना टक लावून ऐकत होती. मग तिच्या पापण्या जड झाल्या. धपाट्यांचा पाऊस पडला तेव्हा ती गाढ झोपलेली होती.

"कुर्रर्र... चेलना," आणि पुन्हा तेवढेच अंक, शेवटचे जरा वेगळे. धाकटीही झोपली. चालत्या गाडीशिवाय दोघी एकावेळी झोपल्या. सन्मतीने सगळ्यांना तोंडावर बोट ठेवून दाखवलं. निम्म्या बायका दुखरे खांदे दाबत खाली बसल्या.

अक्का सरळ झाली. पण पाळण्यापासून दूर झाली नाही. मी पाळण्याची दोरी धरून भिंतीला टेकून बसले होते. ती माझ्याजवळ आली आणि गुडघे टेकून बसली.

"अक्का, काय?" मी म्हणाले.

"गप बस." तिने माझ्या कानावरचे केस मागे सारले. तिच्या बोटांना रंगाचा वास येत होता. "कुर्रर्र," ती म्हणाली. "गौतमी."

आणि ती मोपेडपासून सुरू झाली.

दोघींच्या मधली संख्या होती ती. जोडीनंतर मधलीच येणार, हे पारखीनेही ओळखलं असावं. "सदर संख्या संयुक्त आहे," तो म्हणाला. "कृपया..."

"तू गप रे," अक्का त्याला म्हणाली आणि पुढच्या अंकावर गेली.

रेशनकार्डापर्यंत मी जागी होते, नक्की. सन्मती सांगतो की बायकांनी धपाटे घातले तरी मी हलले नाही, तोंड उघडं टाकून झोपले होते, आणि अक्काने शेवटचा अंक सांगेपर्यंत माझं डोकं आपल्या खांद्यावर धरून ठेवलं होतं. त्यामुळे ती संख्या मी अजून पूर्ण ऐकलेली नाही.

बेरीज तेवढी माहीत आहे.